बुलढाण्याच्या परसांतला चमकुरा

एकदां मेहकरच्या बाजारांत आम्हीं एका भाजीवाल्या बाईपाशीं अळू मागितलें. "किती देऊ दादा?" असें विचारून तिनें तागडींत भराभर बटाटे टाकावयास आरंभ केला. "बाई, बटाटे नकोत, अळू हवें," असें आम्हीं म्हणतांच तिनें आमच्याकडे जरा कींव आल्यासारखें पाहिलें आणि "हाच तर आलू व्हय!" म्हणून वजन पुरें केलें. मग आम्हीं हाताचे दोन्ही पंजे जोडून पानाचा आकार काढून दाखविला. देंठाचा रंग सांगितला, वड्यांचें नांव काढलें, घशाला सुटणाऱ्या खाजेचें नाटकहि करून दाखविलें. तेव्हां शेजारीं मिरच्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईस उलगडा झाला. "यायले चमकुरा पाह्यजे," ती म्हणाली, "धोप्याचे पानं!" आणि दोघी मनसोक्त हंसल्या.

त्या दिवशीं आमची फजिती झाली खरी. परंतु त्या फजितींतून बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाचें एक पान आमच्या हातीं लागलें. तें कोणत्याहि बखरींत नाहीं आणि जमाबंदीच्या कागदांतहि नाहीं. ज्या झाडास पुण्यामुंबईकडे अळू म्हणतात त्यास वऱ्हाडांत पुष्कळ ठिकाणीं धोपा म्हणतात. मराठवाड्यास लागून असलेल्या बाजूस चमकुरा किंवा चमकोरा हें नांव ऐकूं येतें. त्याच्या गड्ड्यास बाजारांत अरवी म्हणतात, कोंकणचा माणूस त्यासच अळकुडी म्हणतो. आणि ज्यास वऱ्हाडी माणूस आलू म्हणतो तो पेरू देशाच्या डोंगरांतून आलेला बटाटा होय. म्हणजे घरच्या झाडाचें नांव पाहुण्यानें घेतलें आणि घरच्या झाडास शेजाऱ्याकडून नांव उसनें आणावें लागलें. हें कसें घडलें, हें पाहण्याचा ह्या लेखांत विचार आहे.

संस्कृतांत 'आलु' किंवा 'आलुक' हा शब्द कोणा एका वनस्पतीचा नव्हे. जमिनींतून खणून काढावयाच्या, खाण्याजोग्या कंदाचें तें सामान्य नांव. सुश्रुताच्या सूत्रस्थानांत कंदवर्ग सांगितला आहे, त्यांत पिंडालुक, मध्वालुक, हस्त्यालुक, काष्ठालुक, शंखालुक, रक्तालुक अशी आलुकांची एक लांब ओळच लागलेली आहे. ह्यांतील कोणता कंद आजचा कोणता, ह्यावर वैद्यमंडळींत पुष्कळ वाद झाले आहेत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. आमच्यापुरतें महत्त्व इतकेंच कीं, मराठींतलें अळू हें ह्याच आलूचें अपत्य आहे. कंदाचें नांव मराठीनें पानास दिलें, कारण मराठी माणूस ह्या झाडाचें पान जितकें खातो तितका कंद खात नाहीं. रक्तालुकाचें रताळू झालें. गुजरातेंत व उत्तर हिंदुस्थानांत रताळू म्हणजे जांभळ्या गराचें कोनफळ. महाराष्ट्रांत मात्र रताळें हें नांव अमेरिकेंतून आलेल्या गोड कंदाच्या पदरीं पडलें. येथेंहि तोच प्रकार! आसन जुनें, बसणारा नवा.

बटाट्याची कथा तर याहून मौजेची आहे. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनीं आणला. परंतु त्यांनाहि तो मिळाला होता कॅरिबियन बेटांतील लोकांकडून, आणि तेथें तो रताळ्याचें नांव होता. खुद्द बटाट्यास त्याच्या मायदेशीं 'पापा' म्हणतात. तेव्हां मुंबईच्या बाजूनें महाराष्ट्रांत शिरलेला हा कंद रताळ्याचें नांव घेऊन आला, आणि हिंदुस्तानी बोलणाऱ्या मुलुखांतून जेथें तो पोहोंचला तेथें आलूचें नांव घेऊन आला. बुलढाणा जिल्ह्यांत ह्या दोन्ही वाटा एकमेकींस मिळतात. जिल्ह्याच्या पश्चिमेस खानदेश, उत्तरेस निमाड, पूर्वेस उरलेलें वऱ्हाड, दक्षिणेस मराठवाडा. शब्दांच्या व्यापारास याहून सोईची पेठ कोणती?

बटाटा येथें नवा आहे ह्याविषयीं शंका नको. अबुल फजलाच्या 'ऐन-इ-अकबरी'त भाजीपाल्याचे भाव दिले आहेत, त्यांत कचालू, सुरण आणि पिंडालू हीं नांवें आहेत. त्याच ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन असून मेहकर हें त्या सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठाणें म्हणून गणलें आहे. ह्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १६१५ च्या नोव्हेंबरांत, इंग्रज वकील सर टॉमस रो हा जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडील बुऱ्हाणपुरास शहाजादा परवीझ ह्यास भेटला. पुढें रोच्या पदरचा पाद्री एडवर्ड टेरी ह्यानें आसफखानाच्या मेजवानीचें वर्णन लिहिलें, त्यांत 'पोटॅटो' वाढल्याचा उल्लेख आहे. ह्या एका शब्दावरून हिंदुस्थानांत त्या काळीं बटाटा होता असें कांहींनीं ठरविलें. परंतु तेव्हांच्या इंग्रजींत त्या शब्दानें प्रथम रताळेंच समजलें जाई, आणि प्रवासी मनुष्य तर जमिनींतून निघालेल्या कोणत्याहि कंदास आपल्या ओळखीचें नांव देऊन मोकळा होतो. आसफखानाच्या ताटांत अरवी नसेलच, असें छातीठोकपणें कोणी सांगूं नये.

आतां चमकुऱ्याकडे वळूं. हा शब्द मूळचा मराठी नव्हे. तेलुगूंत ह्या झाडास चेम किंवा चाम म्हणतात, आणि 'कूर' म्हणजे भाजी. चेमकूर म्हणजे अळूची भाजी. तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारीं, १७ व्या शतकाच्या पूर्वार्धांत, 'विजयविलासमु' ह्या प्रसिद्ध तेलुगू काव्याचा कर्ता होऊन गेला, त्याचें नांवच चेमकूर वेंकटकवि. मुळे, दोडके, कोथिंबिरे अशा आडनांवांची संवय असलेल्या मराठी वाचकांस ह्याचें नवल वाटावयास नको. तेलंगणांतून हा शब्द गोदावरीच्या कांठाकांठानें मराठवाड्यांत आला, आणि तेथून देऊळगांव राजा, सिंदखेड, लोणार, मेहकर ह्या बाजूंस चढला, असें आम्हांस वाटतें.

तो केव्हां चढला? निजामी अमलाकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. १७२४ च्या ऑक्टोबरांत ह्याच जिल्ह्यांतील साखरखेर्डें येथें निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला, आणि त्या विजयामुळें दक्षिणेंत निजामाचें स्वतंत्र राज्य उभें राहिलें. गांवाचेंहि नांव बदलून फत्तेखेर्डें करण्यांत आलें. त्यानंतर १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं जाईपर्यंत हा मुलुख नागपूरकर भोंसल्यांशीं वांटणीचे तंटे करीत कां होईना पण निजामाकडे राहिला. तथापि निजामाच्या दरबारची भाषा तेलुगू नव्हती. भाज्यांचीं नांवें दरबारी फर्मानांनीं पसरत नाहींत. तीं माहेरवाशिणींच्या ओटींतून, यात्रेकरूंच्या गांठोड्यांतून, हंगामापुरत्या कामास येणाऱ्या मजुरांच्या तोंडून येतात. त्यामुळें हा शब्द निजामाहून जुना असण्याचाच संभव अधिक. एवढें मात्र खरें कीं, ज्या काळीं आजच्या बुलढाणा आणि जालना जिल्ह्यांच्या मध्यें सरहद्द म्हणून कांहीं नव्हतें, त्या काळाची ही खूण आहे. १८५३ नंतर नकाशावर रेघ पडली. सोयरिकींत ती पडली नाहीं, आणि चमकुऱ्यांतहि नाहीं.

वाचक म्हणतील, झाड तें केवढें आणि त्यासाठीं एवढी उठाठेव कां? तर ह्या जिल्ह्यांत हें झाड असावें हेंच मुळीं आश्चर्य आहे. अळू हें पाणथळीचें झाड. कोंकणांत तें वहाळाच्या कडेस आपोआप माजतें. बंगाल, आसाम, मलाया, पॅसिफिक महासागरांतील बेटें हीं त्याचीं खरीं घरें. न्यू गिनींतील कूक नांवाच्या दलदलींत हजारों वर्षांपूर्वींचे पाण्याचे चर सांपडले आहेत. असल्या चरांतून तेथील लोक जीं पिकें काढीत त्यांत हा कंद होता असें विद्वानांचें मत आहे. आणि बुलढाणा जिल्हा कसा? उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, भेगाळणारी कपाशीची जमीन. तिला पायनघाट म्हणतात. त्यांतहि शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद ह्या भागांत खारपाणपट्टा, म्हणजे विहीर खणली तरी पाणी मचूळ लागतें. असल्या पाण्यावर अळू तग धरीत नाहीं. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचें पठार, बालाघाट. तेथें पाणी गोडें, पण जमीन हलकी आणि पाऊस चार महिन्यांचा. वैशाखांत जेथें पिण्याच्या घागरीची भ्रांत पडते, तेथें रुंद पानाचें, रात्रंदिवस तहानलेलें हें झाड जगावें कसें?

थोड्या ठिकाणीं पाणी मोठ्या माणसांनीं बांधलें होतें. सिंदखेड राजा हें जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु जाधवरावांच्या त्या गांवचा मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव हीं जलकामें पाहिल्याशिवाय त्या घराण्याच्या कर्तबगारीची पुरती कल्पना येत नाहीं. जेथें असा तलाव आहे तेथें त्याच्या पाझराखालीं मळा असावयाचाच. लोणारास निसर्गानेंच व्यवस्था केली आहे. उल्कापातानें झालेल्या त्या अफाट खळग्याच्या तळाशीं क्षारयुक्त पाणी. तेथून काच व साबण करण्याचे पदार्थ निघत अशी नोंद 'ऐन-इ-अकबरी'तहि आहे. पण खळग्याच्या वरच्या कांठावर धारेचें गोडें पाणी अखंड वाहतें, आणि त्या पाण्यावर उतारावर केळी वगैरे बागायत होत असे. एकाच कढईंत वर गोड आणि खालीं खारट! मोटेच्या विहिरींवरहि मळे होते, आणि पाटाच्या कडेस, केळीच्या सावलींत, चार अळूचीं झाडें लावण्याचा माळ्याचा रिवाज होता.

पण जिल्ह्यांतल्या बहुतेक अळूचें पाणी ह्यांपैकीं कोठलेंच नव्हे. तें होतें न्हाणीचें. घराच्या मागील बाजूस दगडी न्हाणी. तिच्या मोरींतून निघालेलें पाणी परसांत हातभर लांब ओघळून एका खळग्यांत मुरे. त्या खळग्यांत, सूर्य माथ्यावर येईपर्यंत भिंतीची सावली असे अशा जागीं, अळूचें बेट. त्यापलीकडे एखादी केळ किंवा कर्दळ, आणि कुंपणाशीं एखादा सुरण. घरांतील दहापांच माणसांचीं आंघोळीचीं तांब्याभर पाणीं, धुणें, भांडीं, ह्यांवर तें बेट बाराहि महिने उभें राही. उन्हाळ्यांत पानें हाताच्या तळव्याएवढीं होत, मृगाचा पाऊस पडला कीं सुपाएवढीं. विहिरीवरून डोक्यावर आणलेलें पाणी एकदां माणसाच्या अंगावर पडून दुसऱ्यांदा पानांत शिरे. पाण्याची अशी काटकसर कोण्या इंजिनियरानें शिकविली नव्हती. हें सारें खातें बायकांचें. बेट कोठें लावावें, कोणाकडून कंद आणावा, कोणतें पान तोडावें आणि कोणतें ठेवावें, हें घरांतील पुरुषास बहुधा ठाऊकहि नसे. आणि कंद लग्नांतून जात. सासरीं गेलेली मुलगी पहिल्या माहेरपणाहून परत निघाली कीं तिच्या बोचक्यांत, ओल्या फडक्यांत गुंडाळलेले दोन गड्डे असत.

ही वस्तु इतिहासाच्या साधनांत कां सांपडत नाहीं हें आतां वाचकांच्या ध्यानीं येईल. वऱ्हाडच्या इंग्रजी अमलाचे दोन मोठे वृत्तांत आहेत: आल्फ्रेड लायल ह्यांनीं १८७० सालीं तयार केलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर, आणि १९१० सालचें नेल्सन ह्यांचें बुलढाणा जिल्ह्याचें गॅझेटियर. दोन्ही ग्रंथ उपयुक्त आहेत आणि आम्हीं ते आदरानें चाळले आहेत. परंतु असले ग्रंथ सरकारी साऱ्याच्या पोटीं जन्मास येतात. कपाशी किती एकर, ज्वारी किती, बागायत किती, हें त्यांस सांगावें लागतें. गांवठाणांतील परसास सारा नाहीं. म्हणून परसाची गणति नाहीं. न्हाणीमागच्या दोन हात ओल्या जमिनीचा हिशेब पटवारी कशास ठेवील? ज्याचा कर नाहीं त्याचा कागद नाहीं, आणि ज्याचा कागद नाहीं तें नव्हतेंच असें आम्ही इतिहास लिहिणारे फार लवकर समजतों.

कागद नसला तरी स्वयंपाकघर आहे. वऱ्हाडांत महालक्ष्म्यांचा सण भाद्रपदांत येतो. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या, कढी अशा त्या नैवेद्यांत ह्या पानांच्या वड्या नाहींत असें घर विरळा. त्यानंतर लगेच पितृपक्ष. श्राद्धाच्या पानावरहि अळूस मान आहे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें खावयाचें नाहीं. परसांतलें अळू कधींच नांगराखालीं गेलेलें नसतें, म्हणून तें त्या दिवशींहि चालतें. हे तीनहि प्रसंग भाद्रपदांतलेच आहेत हें लक्षांत घ्यावें. त्याच महिन्यांत पान भरास आलेलें असतें. शास्त्र आणि हंगाम ह्यांची एवढी गट्टी क्वचितच दिसते. उलट उपवासाच्या ताटाकडे पहावें! बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची, आणि ज्याचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे पांचहि महासागरापलीकडचे. सुश्रुताने ह्यांपैकीं एकाचेंहि तोंड पाहिलें नव्हतें. तरी ते सोंवळ्यांत आले. धर्म नव्यास नाहीं म्हणतो असें कोण म्हणतें?

वड्यांसाठीं काळ्या देंठाचें पान आणि पातळ भाजीसाठीं हिरव्या देंठाचें, हा भेद सर्व महाराष्ट्रांत आहे. पुढें मात्र प्रांतपरत्वें वाटा फुटतात. कोंकण व गोमंतकांतील पत्रोड्यांत भिजवून वाटलेला तांदूळ असतो. वऱ्हाडांत हरभऱ्याचें पीठच. जशी जमीन तसें सारण. पान पालथें घालून जाड शिरा सोलून काढाव्या, चिंचगुळाच्या पाण्यांत तिखट, तीळ व पीठ कालवून पानास माखावें, पानावर पान ठेवून घट्ट गुंडाळी करावी, गंजांत पाणी ठेवून वर चाळणींत वाफवावी, आणि थंड झाल्यावर कापून तळावी. भाजी करावयाची तर पानांबरोबर आंबट चुका हवा. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे शिजवून घालावे, रवीनें घोटावें, वरून लसणाची फोडणी द्यावी. ह्या भाजीबरोबर भात असेल तर बरा, पण तिची खरी सोबतीण ज्वारीची भाकर.

चुका किंवा चिंच हवीच, ह्याचें कारण खाज. अळूच्या पानांत व कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात, त्या जिभेंत व घशांत टोंचतात. झाडानें स्वतःच्या रक्षणासाठीं केलेली ती तजवीज आहे. जुन्या बायका ह्यास साधा उपाय सांगत: पुष्कळ शिजवावें आणि आंबट घालावें, कापतांना हातांस तेल किंवा चिंच लावावी. आमच्या घरीं एकदां घाईच्या दिवशीं भाजी अर्धीकच्ची राहिली आणि पंगतींतले आठहि जण बोलावयाचे थांबले. इतकी शांत पंगत आम्हीं पुन्हां पाहिली नाहीं.

तर मग असें हें मानाचें पान असतां आलूचें नांव बटाट्याकडे गेलें कसें? आमच्या मतें ह्याचें उत्तर रेल्वेच्या रुळांवर आहे. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. भुसावळाकडून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव असा लोहमार्ग पूर्वेकडे सरकला आणि १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. १८७० च्या मार्चांत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांनीं जलंब ते खामगांव हा फांटा उघडला. खामगांव ही कापसाची केवढी मोठी पेठ झाली हें सर्वश्रुत आहे. ज्या गाड्यांनीं गांठी बाहेर गेल्या त्याच गाड्यांनीं परप्रांतचा माल आंत आला, आणि मारवाडी, गुजराथी, हिंदुस्तानी बोलणारीं माणसेंहि आलीं. अळूचें पान तोडल्यावर संध्याकाळपर्यंत मान टाकतें. तें विकावयाची नव्हे, शेजारणीस द्यावयाची वस्तु. बटाटा महिनाभर पोत्यांत राहतो, वजनानें मोजतां येतो, उधारीवर देतां येतो. बाजाराची भाषा विकणाऱ्याच्या मालावरून ठरते. ज्या आलूस भाव होता तो आलू राहिला. ज्यास भाव नव्हता तो घरांतल्या घरांत धोपा आणि चमकुरा म्हणून राहिला. हा केवळ आमचा तर्क आहे. परंतु मेहकरच्या त्या बाईची तागडी डोळ्यांपुढें आणली कीं तो आम्हांस पुष्कळसा खरा वाटतो.

जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, सातपुड्यांत, कंदांचा इतिहास निराळा आहे. तेथील कोरकू वगैरे लोकांस रानांतील कडू कंद पुन्हां पुन्हां उकळून, वाहत्या पाण्यांत ठेवून गोड करून घेण्याची विद्या ठाऊक आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत, ज्यास मारवाडी व्यापारी छप्पनिया म्हणत, सपाटीवरील माणूस धान्य संपतांच हतबल झाला. रानांतल्यांचेहि हाल झालेच. पण भुकेच्या दिवसांत जमिनींतून कांहीं खणून काढण्याची आशा त्यांस तरी होती. पायनघाटांतील कुणब्यानें कपाशीपायीं ती विद्या केव्हांच गमावली होती.

अळूविषयीं एक गोष्ट शेतकऱ्यासहि सहसा सुचत नाहीं. ज्वारीचें बीं दर वर्षीं नवें जन्मतें. अळूचें तसें नाहीं. त्यास आपल्याकडे फूल क्वचित् येतें, आणि हिंदुस्थानांतील पुष्कळ अळू तर असें आहे कीं त्यांत गुणसूत्रांचे दोहोंऐवजीं तीन संच असल्यामुळें बीं धरण्याची शक्तिच नाहीं. तें कंदापासून कंद असेंच वाढतें. म्हणजे एखाद्या आजीबाईच्या मोरीशीं उभें असलेलें बेट हें तिच्या पणजीच्या बेटाचें मूल नव्हे. तें तेंच झाड आहे. लग्नालग्नांतून गांवें बदलीत तेंच एक शरीर कोण जाणे किती शतकें चालत आलें आहे. ज्वारीची जात नष्ट झाली तर कोठल्या तरी कणगींत मूठभर दाणे सांपडण्याची आशा असते. बेट वाळलें कीं वाळलें.

आणि एकाच जातीवर विसंबण्याचा परिणाम जगानें पाहिला आहे. १८४५ सालीं आयर्लंडांतील बटाट्यावर करपा पडला आणि त्या देशाचा कसा सर्वनाश झाला हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. त्याच कुळांतला दुसरा करपा अळूवर पडतो. राचिबोर्स्की ह्या शास्त्रज्ञानें १९०० सालीं जावांतून त्याचें वर्णन केलें. १९९३ सालीं तो सामोआ बेटांत शिरला. तेथें अळू हेंच मुख्य अन्न आणि निर्गतीचा माल, व लागवड जवळजवळ एकाच आवडत्या जातीची. थोड्याच महिन्यांत मळे काळे पडले. पुढें निरनिराळ्या देशांतून जाती आणून, संकर करून, त्या लोकांस पुन्हां उभें राहावें लागलें. आपल्याकडे १९६३ सालीं त्रिवेंद्रम येथें कंदपिकांची मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली. तिनें अरवीच्या श्री रश्मी, श्री पल्लवी अशा जाती दिल्या आहेत. हें काम मोलाचें आहे. परंतु त्या जाती शेतांत कंदासाठीं लावावयाच्या. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारें, वडीस पान देणारें, वैशाख सोसणारें झाड हें निराळेंच प्रकरण. तें बुलढाण्याच्या बायकांनीं निवडलें होतें, आणि तें अजून त्यांच्याच परसांत आहे, किंवा नाहीं.

नाहीं असेंच म्हणावयाची पाळी येत चालली आहे. नळ आले, हें चांगलें झालें. सिमेंटच्या बंद गटारांनीं डांस कमी केले, हेंहि चांगलें. पण मोरीचें पाणी परसांत मुरावयाचें थांबलें. जेथें अजून मुरतें तेथें तें रिठ्याशिकेकाईचें राहिलें नाहीं. साबणाच्या भुकटीचा फेंस पिऊन पानें पिवळीं पडतात. बाजारांत अळूच्या जुड्या मिळतात, नाहीं असें नाहीं. विहिरीवरच्या मळ्यांतून त्या येतात, आणि जिकडे तिकडे पान एकाच तऱ्हेचें.

त्या दिवशीं मेहकरच्या बाजारांत मिरच्यांच्या ढिगामागें बसलेल्या म्हाताऱ्या बाईनें आम्हांस पानें दिलीं नाहींत; तिच्यापाशीं तीं नव्हतींच. पण पुढच्या बाजारास या म्हणाली. आम्ही गेलों. तिनें पदराच्या गांठींतून काळसर डोळ्यांचे तीन गड्डे काढून दिले. हे तिच्या सासूनें लोणारकडच्या आपल्या माहेराहून आणले होते, असें ती सांगत होती. पैसे देऊं केले तेव्हां "धोप्याचे कोनी पैसे घेते काय!" म्हणून तिनें हात मागें घेतला. घरीं आल्यावर ते कोठें लावावे हा प्रश्न पडला. आमची मोरी नळीनें गटारास जोडलेली. शेवटीं गवंड्यास बोलावून नळी हातभर अलीकडेच तोडविली आणि कोपऱ्यांत एक खळगा केला. शेजाऱ्यांनीं ओलीबद्दल कुरकुर केली, ती रास्तच होती. तिघांपैकीं एक गड्डा कुजला. दोन फुटले आहेत. एकाचा देंठ काळा आहे, दुसऱ्याचा अजून समजत नाहीं.